माझ्या वजनाची स्प्रिंग

भावोजी, परवा मी आपणहून मिरकरवाडा बंदरावर गेलो आणि मासळीच्या काट्यावर उभा राहिलो. कोणी फसवून नेलं नाही, मागून कोणी ढकललं नाही. चपला काढल्या, मोबाईल आणि किल्ल्या काटेवाल्या हनीफभाईंच्या हातात दिल्या. पोट आत ओढून घ्यावं असं क्षणभर वाटलं, पण त्याने काट्याला काही फरक पडत नाही एवढं गणिताच्या मास्तरला चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर कळायला हरकत नव्हती. एक्याण्णव. हनीफभाईंनी आकडा लिलावाच्या आवाजात वाचला. बाजूला सुरमईची बोली चालली होती, ती थांबली.

"मास्तर, हे बर्फासकट की बर्फ काढून?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"बर्फ काढून," मी म्हटलं.

किल्ल्या परत देताना हनीफभाईंनी माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. "मिस्त्री असते तर आज नाचले असते," म्हणाले. मी मान हलवली, पण मला ठाऊक आहे, तुम्ही नाचला नसतात. तुम्ही वही काढली असतीत.

तुम्हाला जाऊन आज छत्तीस दिवस झाले. या छत्तीस दिवसांत तुमच्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं. बोटीवरची फिटरची नोकरी, मग इथे ट्रॉलरच्या इंजिनांची कामं, कोणाच्या अडीनडीला कसे धावून गेलात, सगळं. ते सगळं खरं आहे आणि त्यातलं मला काहीच लिहायचं नाही. मला त्या गाडीबद्दल लिहायचंय. आपलं भांडण गाडीवरून होतं, आणि ते मिटायच्या आत तुम्ही उठून गेलात. अर्धं काम टाकून उठणं तुमच्या स्वभावात नव्हतं.

तेराव्याला जमलेल्या मंडळींनी एकमताने ठरवलं की गाडी आहे तशीच ठेवावी. पुसून, झाकून, पडवीत तुमच्या फोटोखाली. मीही मान डोलावली. खरं सांगू? मला हायसं वाटलं. गाडी तुमचीच राहिली की तिला तुमच्याच स्प्रिंगा राहणार, आणि माझ्या वजनाच्या मागवायचा प्रश्नच मिटणार. मंडळी पानांवरून उठली तेव्हा ताईने मला मागच्या दारी बोलावलं आणि तुमची लांबट वही हातात ठेवली. "हे वाच," म्हणाली, "आणि मग काय ती मान डोलव."

ती वही वाचून झाल्यावर मी काट्यावर गेलो. पण मधलं सगळं सांगितल्याशिवाय ते कोणाला कळायचं नाही.

लोक मला विचारतात, कसली हो गाडी? मी तुमच्याच शब्दांत सांगतो. शर्यतीची गाडी लवकर पोचण्यासाठी असते, ही गाडी पाय न टेकता पोचण्यासाठी. स्पेनच्या कुठल्याशा बंदरात तुमची बोट लागली होती, आणि सुट्टीच्या दिवशी गावामागच्या टेकडीवर तुम्ही माणसं पाहिलीत. मोटरसायकलवर उभी राहून, पायी चालण्याच्या वेगाने, म्हशीएवढ्या दगडांवर चढणारी. पाय टेकला की एक गुण दंड, पडलं की पाच. जो कमीत कमी दंड घेऊन पलीकडे जाईल तो जिंकला. ट्रायल म्हणतात या खेळाला. नोकरी संपवून घरी आलात आणि ताईला म्हणालात, "अगो, आपल्याकडे दगडांना काय तोटा?" महिन्याभरात एक जुनी टू-स्ट्रोक गाडी अंगणात आली आणि तुम्ही पहिलं काम काय केलंत, तर तिची सीट काढून टाकलीत.

"बसायचं कुठे?" ताईने विचारलं.

"बसायचंच नाही."

ताईने कपाळाला हात लावला. बसायलाच नाही अशी गाडी आणणारा नवरा आळीत दुसऱ्या कोणाला नव्हता.

आपलं मैदान म्हणजे सड्यावरच्या कातळमाळात बंद पडलेली चिरेखाण. चिरे काढून नेले, पण जांभ्याच्या पायऱ्या तशाच राहिल्या, एकीवर एक, कोणीतरी मुद्दाम तुमच्यासाठी कापून ठेवल्यासारख्या. पावसाळ्यात तिचं तळं होतं. दिवाळीला पाणी आटलं की आपला हंगाम सुरू. दर रविवारी सकाळी तुम्ही, ताई आणि मी. तुम्ही चढायचात, ताई वर छत्री घेऊन बसून दंड मोजायची, आणि मी बटाटेवडे सांभाळायचो. या कामात मी कधी पाय टेकला नाही.

मग तीन वर्षांपूर्वी मला हुक्की आली. म्हटलं, मलाही शिकवा.

"शिकवतो," तुम्ही म्हणालात. "वजन सांग."

आपण माझ्या घरी होतो. माझी बायको कपात चहा ओतत होती. मी म्हटलं, "सत्तर." तिला जोराचा ठसका लागला. चहा पिताना ठसका लागतो, ओतताना लागत नाही, हे तुमच्यासारख्या माणसाच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. तुम्ही वहीत लिहून घेतलंत आणि मला मागच्या स्प्रिंगांचा धडा दिलात.

तो धडा मला अजून तोंडपाठ आहे. वर्गात मी तो दोनदा शिकवलाही आहे, अभ्यासक्रमात नसताना. स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला किती वजन लागतं, तो तिचा दर. तुमच्या दोन शॉकअपवरच्या स्प्रिंगा आठशे ग्रॅमच्या. वीस किलोचं वजन ठेवलं की एक स्प्रिंग पंचवीस मिलिमीटर खाली. चाकाला वरखाली व्हायला एकूण दहा सेंटीमीटर जागा. माणूस पायटांवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभा राहिला की त्यातली साधारण एक तृतीयांश वापरली गेली पाहिजे, जास्त नाही, कमी नाही. तिला तुम्ही बसकण म्हणायचात. "पोहायला उडी मारताना गुडघे जरा वाकवतोस की नाही? तसं. सरळ पाय ठेवलेस तर उडणार कसा, आणि आधीच उकिडवा बसलास तरी उडणार कसा?" स्प्रिंग कडक पडली तर चाक दगडावर आपटून उडतं. मऊ पडली तर गाडी मागे बसते आणि पुढचं चाक आकाशाकडे बघायला लागतं.

बसकण मोजायला तीन माणसं लागतात. एकाने हँडल धरून गाडी उभी ठेवायची, एकाने पायटांवर चढायचं, तिसऱ्याने टेप घेऊन मागच्या आसापासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंतचं अंतर वाचायचं. आधी चाक मोकळं लोंबत असताना आणि मग माणसासकट. दोन्हींतला फरक म्हणजे बसकण. तुमची तेहतीस मिलिमीटर यायची. आठवण म्हणून सांगत नाही, वहीत आहे.

तर, सत्तर किलोच्या हिशोबाने कोल्हापुरातल्या स्प्रिंगवाल्याकडून माझ्या स्प्रिंगा आल्या. तुम्ही चढवल्यात. मी उभा राहिलो. ताईने टेप लावली आणि म्हणाली, "एकेचाळीस."

तुम्ही पुन्हा मोजायला लावलंत. एकेचाळीस. मग तुम्ही कोल्हापूरला फोन लावलात आणि त्या भल्या माणसाला अंगणात येरझारा घालत पाऊण तास झापलंत. तार बारीक वापरलीस, वेटोळी जास्त घेतलीस, पाणी नीट दिलं नाहीस. मी पायरीवर बसून आंब्याची फोड खात होतो. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं, पण दुसऱ्या फोडीसाठी. त्या बिचाऱ्याने दुसरी जोडी करून पाठवली. पुन्हा एकेचाळीस. तुम्ही स्प्रिंग पत्र्याच्या नळीत उभी करून तिच्यावर वजनं ठेवलीत आणि मोजलंत. स्प्रिंग बरोबर होती.

"सुध्या," दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "चल, मिरकरवाड्यात पापलेट चांगलं आलंय."

मी पिशवी घेऊन आलो होतो हो. पापलेटाच्या नावाने माझी जी बुद्धी जाते ती तुम्हाला पक्की माहीत होती. काट्याजवळ आलो आणि तुम्ही मला मागून असं काही रेटलंत की मी थेट पाटावर. अठ्ठ्याऐंशी.

"शिंच्या," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. "अठरा किलो लपवलेस. एखादं पोर लपवलं असतंस तरी मला आधी कळलं असतं."

घरी येऊन तुम्ही कोल्हापूरला फोन लावलात आणि त्या माणसाची माफी मागितलीत. माझ्यासमोर. मला फोनवर बोलायला लावलं नाहीत, ही तुमची दया.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तुमचं म्हणणं, अठ्ठ्याऐंशीच्या हिशोबाने नवी जोडी मागवू. माझं म्हणणं, एवढ्यासाठी कशाला, शॉकअपची चकती आवळू की, गाडी वर येईल. तुम्ही चकती आवळून दाखवलीत. बसकण तेहतीसवर आली खरी, पण मी उतरलो तर गाडी ताठ उभी, स्वतःच्या वजनाने सूतभरसुद्धा खाली जाईना. "ही बघ," तुम्ही म्हणालात, "आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, नुसती दबून बसते. चाकाला खाली उतरायला जागाच उरली नाही. खळग्यात गेलास की चाक अधांतरी." मग मी शेवटचा डाव टाकला. म्हटलं, मीच सत्तरवर येतो. गणपतीपर्यंत.

"आणि तोवर?"

"तोवर याच स्प्रिंगा."

"अरे, आज जो उभा राहतोय त्याच्यासाठी स्प्रिंग घ्यायची असते. गणपतीत जो येणार आहे त्याला येऊ दे, मग बघू."

पण मला ते पोलादात लिहून नको होतं, भावोजी. कागदावरचं वजन खोडता येतं. अठ्ठ्याऐंशीची स्प्रिंग एकदा गाडीला बसली की ते वजन मी मान्य केल्यासारखं. म्हणून दोन हंगाम मी चुकीच्या स्प्रिंगांवर चालवली. पहिल्या पायरीला पुढचं चाक चढायचं, मागचं खाली बसायचं, आणि मी सावकाश, अगदी इज्जतीने, खाणीतल्या उरलेल्या डबक्यात पाठीवर पडायचो. ताई वरून म्हणायची, "पाच." दर वेळी स्प्रिंगा बदलून तुमच्या चढवायला तुम्हाला अर्धा तास लागायचा. तुम्ही त्या अर्ध्या तासात एकच वाक्य बोलायचात: "फोन लावू का कोल्हापूरला?" मी म्हणायचो, "उतरतंय हो, उतरतंय." तुम्ही म्हणायचात, "कुठे उतरतंय? घोट्यात?"

आता पुढचं. हे तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं.

या दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला तेव्हा हँडल ताईने धरलं, तुम्ही पायटांवर, आणि टेप माझ्याकडे. पहिल्या रविवारी मी वाचलं, एकतीस. मनातल्या मनात. पुन्हा बघितलं, एकतीसच. तुम्ही वरून विचारलंत, "किती?" आणि मी म्हटलं, "तेहतीस."

का म्हटलं? स्प्रिंग थकते, सैलावते, पण कधी आपणहून कडक होत नाही. हे तुम्हीच शिकवलेलं. बसकण कमी आली म्हणजे स्प्रिंग बदललेली नाही, वरचा माणूस बदललाय. आणि तो बदललाय हे दिसत होतं. पट्ट्याला तुम्ही नवं भोक पाडलं होतंत, सदरा खांद्यावरून घसरत होता. सड्यावर फिरणं वाढलंय, तुम्ही म्हणत होतात, आणि आम्ही सगळे ते खरं धरून चाललो होतो, कारण ते सोयीचं होतं. माझ्या हातातली टेप तेवढी तसं धरून चालत नव्हती. मी तिला चालायला लावलं. पेपर तपासताना पस्तिसाला दोन कमी पडत असलेल्या पोराला मी जे करतो तेच केलं.

पुढच्या रविवारी तीस. मी म्हटलं, तेहतीस. त्याच्या पुढच्या रविवारी एकोणतीस. मी म्हटलं, तेहतीस. तुमची गाडी पायऱ्यांवर उडायला लागली होती, मागचं चाक ठणठण आपटत होतं, आणि दोनदा पाय टेकलात. तुम्ही! घरी जाऊन शॉकअप उघडलेत, तेल बदललंत, चाकातली हवा कमी केलीत. मी शेजारी पाना धरून उभा. माझ्या जिभेवर एकोणतीस होतं आणि मी तुम्हाला पाना देत होतो.

चौथ्या रविवारी शाळेने मला प्रशिक्षणाला मंडणगडला पाठवलं. टेप ताईकडे गेली आणि हँडल धरायला माझी बायको. ताईला पेपर तपासायची सवय नाही. तिने वाचलं, "अठ्ठावीस," टेप खाली ठेवली आणि म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे." 

पुढे काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पोटातलं होतं, आणि बरंच आधीपासून होतं. मी डॉक्टरांना एकदा जिन्यात गाठून विचारलं, तीन आठवडे आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "फारसा फरक पडला नसता." त्यातला तो 'फारसा' मी अजून तपासतो आहे. त्याला किती गुण द्यायचे ते ठरत नाही.

दवाखान्यात एका दुपारी आपण दोघंच होतो. ताई जेवायला गेली होती. मी टेपचं सांगायचं ठरवून आलो होतो, वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "तुझ्या स्प्रिंगा?"

"उन्हाळ्यापर्यंत सत्तरवर येतो, बघा."

तुम्ही हसलात. हसताना दुखत होतं तरी हसलात. "मी न सांगता पन्नासवर आलो. तू तीन वर्षं सांगतोयस." मग म्हणालात, "वजन बदलतं रे. ज्या दिवशी चालवायची त्या दिवशीचं सांगावं, बस." आणि तुमचा डोळा लागला. मी माझं वाक्य घेऊन तसाच बसून राहिलो. संध्याकाळी ते घेऊनच घरी गेलो.

आता वही.

ताईने दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती शाळेच्या कपाटामागे उभं राहून वाचली, घरी वाचायचा धीर नव्हता. प्रत्येक रविवार, उभा कोण राहिला, वाचलं कोणी, किती. शेवटच्या हंगामाच्या पानावर शाईने माझे तीन तेहतीस. आणि प्रत्येकाच्या शेजारी शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात: एकतीस. तीस. एकोणतीस.

मला कळेना. टेप तर माझ्या हातात होती. मग आठवली ती शॉकअपच्या दांड्यावरची रबरी कडी, बांगडीसारखी. ती कशाला असते, मी एकदा विचारलं होतं. शॉकअप दबला की ती सरकते आणि तिथेच राहते, म्हणजे किती दबला ते नंतर एकट्यालाही बघता येतं. मी निघून गेल्यावर तुम्ही भिंतीला हात टेकून पुन्हा गाडीवर उभे राहत होतात आणि बघत होतात. दर रविवारी. तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शॉकअप उघडत होतात ते दोष शोधायला नव्हे, दोष तिथे नाही याची खात्री करून घ्यायला. तिसऱ्या रविवारच्या एकोणतीसच्या पुढे लिहिलंय: "सुध्या घाबरलाय. बोलू नये."

भावोजी, मी पन्नाशीला आलेला माणूस, दोन मुलींचा बाप, शाळेत मला पोरं टरकतात. आणि कपाटामागे मला शिपायाने पाण्याचा ग्लास आणून दिला.

तुमच्यावर रागही आला. ठाऊक होतं तर बोलला का नाहीत? मी खोटं बोलतोय हे माहीत असून तुम्ही मला ते बोलू दिलंत, आणि माझ्या हातात पाना देऊन मला कामाला लावलंत. मी तुम्हाला जपत होतो अशी माझी समजूत, आणि तुम्ही मला जपत होतात. तीन रविवार आणखी पायऱ्या चढायला मिळाव्यात म्हणूनही असेल. तेही मला समजतं. तुमच्याशी भांडायचं आहे या मुद्द्यावर, पण समोर तुम्ही नसल्याने मी एकसारखा जिंकतो आणि त्यात काही मजा नाही.

शेवटच्या पानावर माझं नाव होतं. 'सुधीर. सांगतो सत्तर. काटा अठ्ठ्याऐंशी. गणपती-दिवाळी धरून नव्वद.' खाली सगळं गणित करून ठेवलेलं: तारेची जाडी, वेटोळी किती, लांबी, एक मिलिमीटरला अकराशे सत्तर ग्रॅम. त्याच्याखाली कोल्हापूरचा नंबर. ऑर्डर दोन वर्षांपूर्वीच लिहून झाली होती. फक्त फोन राहिला होता, आणि तो तुम्ही माझ्यासाठी ठेवला होतात. म्हणून मी आधी काट्यावर गेलो, आणि मग लावला.

"कोण, रत्नागिरीचं मिस्त्री? गेलं?" पलीकडच्या माणसाने मागचं मशीन बंद केलं. मग म्हणाला, "त्यांनी मला एकदा शिव्या घातल्या बघा, आन एकदा माफी मागितली. माफी मागायला कोण फोन करतंय ओ आजकाल?" मी वहीतले आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला, "वजन नव्वद पक्कं ना? का मागच्या वेळंसारखं?"

"एक्याण्णव," मी म्हटलं. "माझंच आहे. मागच्या वेळचंही माझंच होतं."

"हां, म्हंजे ते तुम्ही व्हय," तो म्हणाला, आणि आम्ही दोघेही हसलो.

इथवर लिहून ठेवलं त्याला दहा दिवस झाले. स्प्रिंगा आल्या.

मंडळींच्या ठरावाचं काय, असं मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "मंडळी गेली मुंबईला. गाडी माझ्या पडवीत आहे. मला तिला रोज पुसत बसायचं नाही." मग मी तुमच्या स्प्रिंगा उतरवल्या. हाताला वेळ लागला. सवय नाही म्हणून नव्हे. शेवटचा नट सैल झाला आणि गाडी मागून एकदम खाली बसली, तेव्हा ताई आत निघून गेली. डबा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "दे इकडे." स्प्रिंगा तिने डिझेलने धुतल्या, तेलाचा हात दिला, फडक्यात बांधल्या आणि तुमच्या कपाटात शर्टांच्या खाली ठेवल्या.

माझ्या चढवल्या. बायकोने हँडल धरलं. मी उभा राहिलो. ताई चष्मा सावरून टेपवर वाकली.

"चौतीस."

"तेहतीस नाही?"

"चौतीस आहे तर तेहतीस कसं वाचू?"

चकती पाऊण फेरा आवळली. तेहतीस. उतरलो तर गाडी आपल्या वजनाने दहा मिलिमीटर खाली, जशी तुम्हाला हवी असायची तशी. तीन वर्षं मी जिच्यावर उभा राहत होतो ती ही गाडीच नव्हती, असं वाटलं. पायाखाली ती जिवंत होती. दाबलं की दबत होती, सोडलं की वर येत होती, आणि दोन्ही वेळा माझंच ऐकत होती. एवढं साधं होतं हे. तुम्ही सांगत होतात आणि मी पापलेट खात होतो.

आज रविवार. सकाळी खाणीवर गेलो. ताई वर तिच्या जागी छत्री घेऊन बसली. पहिली पायरी चढलो. ऐकताय ना? मागचं चाक बसलं नाही, आपटलं नाही, मांजर कट्ट्यावर चढतं तसं अंग गोळा करून वर आलं. पाय टेकला नाही. दुसऱ्या पायरीला डावा पाय टेकला. वरून आवाज आला, "एक." तिसरीला घाई केली, इंजिन बंद पडलं आणि मी गाडीसकट आडवा.

"पाच. झाले सहा."

मी पडल्या जागेवरून विचारलं, "ताई, भावोजींचे पहिल्या दिवशी किती होते गो?"

तिने छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "एकोणीस," म्हणाली. "मी त्यांना बारा सांगितले होते."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही. दोन्ही एकाच पदराने पुसत म्हणाली, "बघतोस काय? आपटून काळेनिळे झाले होते. एकोणीस सांगितले असते तर परत चढले असते का?"

पहिल्या दिवसाचं पान वहीत असणार. तिथे शाईने बारा असेल, आणि शेजारी पेन्सिलीने काही असेल किंवा नसेल. मी बघितलेलं नाही. ते तुमच्या दोघांतलं.

"उचल आता ती," ताई म्हणाली. "ऊन चढायच्या आत अजून एकदा होईल. आणि तुझे मी मोजून सांगणार हो, तुला सूट नाही."

मी गाडी उचलली, किक मारली, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली.